गुणाजी स्पीकर लावतो

एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा माळी होता. भोळी माणसं त्या गावात आणखीही होती, पण ती पंचायतीत बसायची. गुणाजी साबणे मास्तरांच्या बागेत असायचा, त्यामुळे त्याच्या हातून कुणाचं नुकसान होत नसे. सांगाल ते करायचा. सांगाल तेच करायचा. मास्तर म्हणाले, "मिरची लाव," की मिरची लावली. "पपई लाव," की पपई लावली. त्यानं लावलेलं रोप जळलं असं कधी झालं नव्हतं. हात चांगला होता. डोक्याची गरज कधी पडली नव्हती.

साबणे मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना एकच वेड, गाण्याचं. तेही ऐकायचं. गायचं नाही, कारण त्यांच्या थोरल्या बहिणीनं, इंदुआक्कांनी, लहानपणीच सांगून ठेवलं होतं, "केशव, तू आपला ऐकत जा. ऐकायलाही कुणीतरी लागतं." आक्का स्वतः मात्र फार गोड गायच्या. पुढं लग्न झालं, संसार वाढला, तंबोरा माळ्यावर गेला आणि गाणं सुटलं ते सुटलंच. आता त्यांनी सत्तरी ओलांडली होती. "माझा आवाज गेला रे," म्हणायच्या, आणि आवाजापाठोपाठ आता कानही निघाले होते. दर भेटीत त्यांच्याशी थोडं अधिक मोठ्यानं बोलावं लागायचं.

अशात मास्तरांना एक कॅसेट मिळाली. आक्कांनी तरुणपणी कुठल्याशा सभागृहात दुर्गा रागातली बंदिश गायली होती. ती कुणा शौकीन माणसानं टेप करून ठेवली, आणि त्याच्या मुलानं घर आवरताना ती मास्तरांकडे धाडून दिली. मास्तरांनी ती ऐकली आणि लहान पोरासारखे रडले. आक्कानं हे ऐकलंच पाहिजे, कान आहेत तोवर ऐकलं पाहिजे, आणि साध्या डबड्यातून नव्हे, नीट ऐकलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. बाहेरची खोली रिकामी केली. शहरातून दोन मोठे स्पीकर मागवले, जमिनीवर उभे राहणारे, माणसाच्या छातीएवढे. एवढं सगळं केलं, पण त्या कॅसेटची दुसरी प्रत काढून ठेवावी हे काही त्यांना सुचलं नाही. मूर्खपणा एकट्या गुणाजीच्याच वाट्याला आला होता असं समजू नका.

आक्का उद्या येणार आणि आज टेम्पोतून खोकी उतरली. मास्तरांना वायर आणायला तालुक्याला जायचं होतं. घाईघाईत चपला घालता घालता ते म्हणाले, "गुणाजी, मी येईपर्यंत दोन्ही स्पीकर लावून ठेव. जपून हं, नाजूक माल आहे."

"जपूनच लावतो, मास्तर," गुणाजी म्हणाला.

मास्तर परत आले तर खोली रिकामी. बागेत बघतात तो पपईच्या ओळीत दोन नवे खड्डे, आणि खड्ड्यांत गुडघाभर मातीत उभे असलेले दोन स्पीकर. भोवती सुबक आळी केलेली. शेणखत घातलेलं. नाजूक माल म्हणून ऊन लागू नये, यासाठी वर फांद्यांची सावली. आणि गुणाजी झारी भरून घेऊन निघालेला.

"थांब!" मास्तर असे ओरडले की झारीच खाली पडली. "अरे, हे काय केलंस?"

"लावले की. अंतर पण बरं ठेवलंय, मास्तर. उद्या वाढले म्हंजी एकमेकांत घुसाया नकोत."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, लावायचं म्हणजे मातीत पुरायचं नव्हे. लावायचं म्हणजे भिंतीपासून हातभर लांब उभं करायचं आणि तोंड जरा आत वळवायचं. कळलं?"

"कळलं की. लावायचं म्हंजी भिंतीपासनं हातभर लांब उभं करायचं आन् तोंड जरा आत वळवायचं."

शब्दाला शब्द. मास्तरांच्या शाळेत इतकं चोख पाठांतर कुणाचं नव्हतं.

मग दोघांनी स्पीकर उपटले, फडक्यानं पुसले आणि खोलीत नेले. मास्तर खुर्चीत बसले आणि बसल्या जागेवरून सांगू लागले. भिंतीला चिकटवले की आवाज घुमतो. कोपऱ्यात ढकलले की नुसतं ढुमढुम वाजतं. एकमेकांपासून फार लांब गेले की गाणं मधेच फाटतं. दोन स्पीकर आणि ऐकणारा, तिघांत सारखं अंतर पाहिजे. गुणाजी मान डोलवत होता.

"हं, डावा जरा पुढं घे," मास्तर म्हणाले.

गुणाजीनं डावा पाय पुढं घेतला.

"डावा स्पीकर रे! पुढं. आणखी. बास. आता थोडा मागं."

स्पीकर जागेवर ठेवून गुणाजी थोडा मागं सरकला.

"तू नव्हे, तो! हां. आता तोंड आत वळव. तुझं नव्हे!"

दुपार होईपर्यंत दोन्ही स्पीकरांखाली खडूच्या खुणा झाल्या आणि मास्तरांचा घसा बसला. पण जमलं. त्यांनी कुठलीशी एक जुनी ठुमरी वाजवून बघितली, डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, "बघ गुणाजी. नीट लागले की असं होतं. गाणारी बाई दोघांच्या मधोमध समोर येऊन बसते."

गुणाजीनं मधोमध बघितलं. मग तो आत गेला, एक पाट घेऊन आला आणि दोन स्पीकरांच्या मधोमध मांडला. शेजारी पाण्याचा तांब्याही ठेवला. लांबून आलेल्या बाईमाणसाला निदान पाणी तरी विचारावं, एवढी रीत त्याला ठाऊक होती.

बाहेर कोंबड्यांचा कलकलाट चालला होता. ठुमरीत व्यत्यय यायला लागला, तसे मास्तर डोळे न उघडताच म्हणाले, "गुणाजी, दार लाव."

बराच वेळ खुडबुड झाली. कोंबड्यांचा आवाज कमी व्हायच्या ऐवजी जवळ आला. मास्तरांनी डोळे उघडले तर एक कोंबडी पाटावर बसलेली, चौकट उघडी, आणि दार बिजागऱ्यांतून निघून भिंतीपासून हातभर लांब उभं. तोंड जरा आत वळवलेलं. ते पडू नये म्हणून गुणाजी त्याला मिठी मारून उभा.

"लावलंय, मास्तर. पण ह्याला सोडता येत न्हाई."

मास्तरांनी पुन्हा कपाळाला हात लावला. "अरे, दार लावायचं म्हणजे ओढून घ्यायचं आणि कडी घालायची! कळलं?"

"कळलं की. लावायचं म्हंजी वढून घ्यायचं आन् कडी घालायची."

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या. रिक्षातून उतरायलाच त्यांना दोघांचा आधार लागला, पण चेहरा हसरा. इतक्या वर्षांनी वन्सं माहेरपणाला आल्या म्हणून मास्तरांच्या बायकोनं, उमाबाईंनी, ओवाळायचं ठरवलं होतं. हातात ताट, ताटात कुंकू, सुपारी, अक्षता. त्या दारातून आत वळून म्हणाल्या, "गुणाजी, देवघरातलं निरांजन लाव आणि आण बाबा."

गुणाजी देवघरात गेला. निरांजन ओढून घेतलं. कपाटात ठेवलं. कपाटाला कडी घातली. आणि हात हलवत परत आला.

"निरांजन कुठाय?" उमाबाईंनी विचारलं.

"लावलं की, बाई. आता कुणी यायचं न्हाई त्यातनं भाईर."

उन्हात आक्का ताटकळल्या. उमाबाईंनी ताट गुणाजीच्या हातात दिलं, स्वतः कपाट उघडलं आणि येता येता त्याला सुनावलं, "अरे, दिवा लावायचा म्हणजे काडी ओढायची आणि पेटवून द्यायचं! एवढंही कळत नाही?"

"कळलं की, बाई. लावायचं म्हंजी काडी वढायची आन् पेटवून द्यायचं."

उमाबाईंनी ओवाळलं. आक्का हसत हसत आत आल्या. जेवण झालं, थोडी वामकुक्षी झाली. आपण काय ऐकवणार आहोत हे मास्तरांनी आक्कांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी खोलीत जाऊन एकदा टाळी वाजवली. कान टवकारला. पुन्हा वाजवली. "छे! खिडकीच्या काचेवर आवाज आपटतोय. गुणाजी, तो जाड पडदा लाव बघू खिडकीला, लवकर."

गुणाजीनं खिशातून काडेपेटी काढली.

पडदा चांगला, सुती होता. पहिल्याच काडीला लागला. मास्तर "पाणी, पाणी" ओरडले, उमाबाई कळशी घेऊन धावल्या आणि पडद्यावर अन् गुणाजीवर मिळून ओतली. स्पीकर वाचले. पडद्याचा खालचा काठ गेला. खिडकीला मग घरातली जुनी गोधडी बांधावी लागली, आणि ती बांधता बांधता मास्तर दातओठ खाऊन म्हणाले, "हे बघ. ह्याला लावणं म्हणतात. सुतळीनं बांधायचं आणि टांगायचं. कळलं?"

"कळलं की," ओलाचिंब गुणाजी म्हणाला. "लावायचं म्हंजी सुतळीनं बांधायचं आन् टांगायचं."

खरं म्हणजे त्याला आता वाईट वाटायला लागलं होतं. मास्तरांना काहीतरी फार मनापासून करायचं आहे आणि ते आपल्यामुळं सारखं बिघडतंय, एवढं त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणून तो प्रत्येक धडा जास्तच जिवापाड लक्षात ठेवत होता. घोटाळा नेमका तिथंच होता.

आक्का खुर्चीत येऊन बसल्या. खुर्ची खडूच्या खुणेवर, दोन्ही स्पीकर समोर, तोंडं आक्कांकडे वळलेली. "केशव, हे काय रे, दोन कपाटं मांडून ठेवलीस?" त्यांनी विचारलं.

"कळेल, आक्का. थोडा दम धर," मास्तर म्हणाले आणि कॅसेट आणायला आत गेले.

प्रवासानं आक्कांचा गुडघा धरला होता. त्यांनी पिशवीतून बामाची बाटली काढली, पण वाकवेना. समोर गुणाजी दिसला. "बाळा, एवढा बाम लाव रे गुडघ्याला."

मास्तर आले तेव्हा आक्का खुर्चीत हसून हसून बेजार झाल्या होत्या. गुडघ्याला सुतळीची दुहेरी गाठ, आणि सुतळीला टांगलेली बामाची बाटली. ती घंटेसारखी हलत होती.

"अरे, असं नाही रे लावायचं," आक्का डोळे पुसत म्हणाल्या. त्यांना राग म्हणून येत नसे. "बोटावर घ्यायचं आणि हलक्या हातानं चोळायचं. वरून खाली. अगदी जिरेपर्यंत. आणि इथं, वाटीच्या आतल्या बाजूला, जपून हं. इथं कळ आहे. नुसतं बोट लागलं तरी ब्रह्मांड आठवतं."

"इथं कळ हाय," गुणाजी म्हणाला आणि ती जागा त्यानं नीट बघून घेतली. "कळलं की. लावायचं म्हंजी बोटावर घ्यायचं आन् चोळायचं. वरनं खाली. जिरंपतूर."

आणि त्यानं बाम इतका सुरेख लावला की आक्कांनी डोळे मिटून त्याला आशीर्वाद दिला. मास्तरांना हायसं वाटलं. आज पहिल्यांदा काहीतरी सरळ झालं होतं. त्यांनी कॅसेट टेपाशेजारी ठेवली आणि उजवा स्पीकर खुणेवरून किंचित सरकलाय असं वाटलं म्हणून तिकडे वळले. गुडघ्यांवर बसले, एक डोळा मिटून रेघ बघितली, तोंड तिळभर आत वळवलं. आता सगळं जागच्या जागी होतं. मागं न बघताच ते म्हणाले, "गुणाजी, लाव गाणं."

खोलीत शांतता पसरली. मास्तर डोळे मिटून वाट बघत राहिले.

"लावलंस का?"

"लावतोय की, मास्तर."

आणखी शांतता. कसलासा झणझणीत वास आला.

"अरे, अजून कसं लागत नाही?"

"जिरतंय अजून."

मास्तरांनी मागं बघितलं. गुणाजी मांडी घालून बसला होता. कॅसेटमधली सगळी फीत बाहेर ओढलेली, मांडीवर तिचा ढीग, आणि तो बोटावर बाम घेऊन ती चोळत होता. हलक्या हातानं. वरून खाली. अर्धी फीत झाली होती, आणि झालेल्या अर्ध्या फितीवर एक वेटोळंसुद्धा कोरडं राहिलं नव्हतं.

मास्तर आता मारतील असं उमाबाईंना दारातून वाटलं. पण मास्तरांच्यात तेवढं बळच उरलं नाही. ते जमिनीवर बसले ते बसलेच. मग एकदम फुटले. "अरे गाढवा, गाणं लावायचं म्हणजे कळ दाबायची! ही कळ दाबली की लागतं, शेजारची दाबली की बंद होतं! एवढंच होतं रे! एक कळ दाबायची होती!" आणि ते ओक्साबोक्शी रडायला लागले.

"कळलं," गुणाजी खालमानेनं म्हणाला. "लावायचं म्हंजी कळ दाबायची. शेजारची दाबली की बंद."

"काय होतं रे त्यात?" आक्कांनी विचारलं.

"तुझं गाणं होतं, आक्का. दुर्गा. तू सभागृहात गायलेली. तुला ऐकवायची होती. एवढं सगळं त्याच्यासाठी केलं."

आक्कांनी त्या फितीच्या ढिगाकडे बघितलं. मग त्यांच्या खांद्यांना हलकेच हिसके बसू लागले. मास्तरांना वाटलं, रडतेय. पण त्या हसत होत्या. "अरे, बाम माझ्या गळ्याला पाहिजे होता. हा वेडा गाण्यालाच लावून बसला! ऊठ केशव. म्हातारपणी असं रडू नये, बरं दिसत नाही. थांब, मीच बघते सूर लावून."

लावून, हा शब्द ऐकताच गुणाजीनं मान वर केली.

आक्कांनी डोळे मिटले. पहिला सूर निघाला तो खरखरीत, धुळीतून काढल्यासारखा. दुसरा जरा सरळ आला. मग अस्थाईची ओळ उलगडली, आणि तिच्यामागून ती जुनी जागा, ती जुनी हरकत, एकेक करत येऊ लागली. थकलेला होता, पण आवाज तोच होता. मास्तरांचं रडं थांबलं. उमाबाई कणकेचे हात तसेच घेऊन दारात उभ्या राहिल्या. ऐकणारा माणूस पुन्हा ऐकत होता आणि त्याला आणखी काही नको होतं.

मग अंतरा आला. वरच्या षड्जाकडे चढणारी ओळ. आक्का चढल्या, अगदी उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. पुन्हा चढल्या. पुन्हा थांबल्या.

"नाही रे लागत."

"लागेल, आक्का. केसभर राहिलाय. लागेल," मास्तर हात जोडून म्हणाले.

आक्कांनी तिसऱ्यांदा सगळा जीव गोळा केला. ओळ चढली, चढली, आणि तिथंच अडली. "नाही लागत, केशव. गेला तो."

मास्तरांचा चेहरा पुन्हा पडला. गुणाजीला ते बघवेना. कालपासून त्याच्या हातून सगळं बिघडलं होतं, पण हे त्याला दुरुस्त करता येण्यासारखं होतं. का लागत नाही, हे त्याला कळत होतं. ही शिकली-सवरलेली माणसं नुसती रडत बसली होती, आणि कुणी कळच दाबत नव्हतं. कळ कुठं आहे, हे तर त्या घरात त्याच्याइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं.

आक्कांनी शेवटचं म्हणून पुन्हा एकदा ओळ उचलली. ओळ उंबऱ्याशी आली. गुणाजी पुढं झाला, खाली बसला, आणि वाटीच्या आतल्या बाजूला, नेमक्या जागी, कुदळ धरून घट्ट झालेला अंगठा त्यानं दाबला. सगळ्या ताकदीनं दाबला.

"आऽऽऽऽऽ!"

खिडकीची काच गोधडीमागं झणझणली. अंगणातल्या कोंबड्या गप्प झाल्या. त्या सुरात वेदना होती, संताप होता, सात पिढ्यांचा उद्धार होता. आणि तो खणखणीत, काठोकाठ भरलेला, बिनचूक वरचा षड्ज होता. मास्तर ताडकन उभे राहिले. "लागला! आक्का, लागला!" आक्कांचे डोळे विस्फारलेले, एक हात गुडघ्यावर, पण लागलेला सूर सोडून द्यायची त्यांची जातच नव्हती. तो धरून त्या सरळ समेपर्यंत उतरल्या आणि धापा टाकत, डोळ्यांतून पाणी गाळत, गुणाजीकडे बघत राहिल्या.

गुणाजीनं समाधानानं मान डोलावली. मग तो आक्कांच्या दुसऱ्या गुडघ्याजवळ सरकून बसला आणि अंगठा तयार ठेवून म्हणाला, "निवांत ऐका, मास्तर. झालं म्हंजी सांगा. शेजारची दाबून बंद करतो."